दाब किती?

जाधवसाहेब कुणाला 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारत नाहीत. 'दाब किती?' असं विचारतात. गुलमंडीत कापड घेताना दुकानदाराला विचारतात, लग्नात आहेर देताना नवरदेवाला विचारतात. नवरदेव बिचारा बीपीचा आकडा सांगायला लागला की साहेब हात वर करून त्याला थांबवतात. "तो नाय. डोळ्याचा."

साहेब आमचे शेजारी. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी धरणांवर गेल्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट धरणासारखीच दिसते. काचबिंदू झाल्याचं कळलं तेव्हा दुसरा कुणी हादरला असता. साहेबांना खात्यातलं कुणीतरी भेटल्यासारखा आनंद झाला. "साधं हाय हो सर," मला म्हणाले. "डोळ्यात पाणी तयार होतं, ती आवक. बारीक जाळीतून निघून जातं, ती जावक. जावक तुंबली की दाब वाढतो, आन् मागची नस दबून मरती. थेंबाचं औषध म्हंजे आपलं गेट."

डॉक्टरबाईंनाही याहून सोपं सांगता आलं नसतं. पण थेंब रोज टाकायचा, आणि आयुष्यभर टाकायचा, असंही बाई म्हणाल्या होत्या. ते साहेबांच्या खात्यात बसेना. औषधानं दाब उतरला आणि साहेबांनी बाटली कपाटात टाकली. "पातळी खाली असताना गेट उघडं ठेवलं तर मेमो मिळतो," असं वर मलाच ऐकवलं. कित्येक महिन्यांनी क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात गेले, तेव्हा डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली होती. ना दुखलं होतं, ना खुपलं होतं.

"साहेब, पातळी थेंबामुळंच खाली होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती सांभाळू."

साहेबांनी यावर चूक कबूल केली असं कुणी समजू नये. आजही डावीकडून हातगाडी येऊन धडकली की ते गाडीवाल्यालाच झापतात. "बाजूनं कशाला आणतो रे? समोरून आण ना." फरक एवढाच, की संध्याकाळच्या बातम्या लागल्या की साहेब आता न चुकता पलंगावर आडवे होतात, एक थेंब टाकतात आणि डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरतात. तेवढा वेळ घरात कुणी ब्र काढायचा नाही, खुद्द साहेबही नाही. बाटलीला तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनीसुद्धा हात लावायचा नाही. "गेटची चावी दुसऱ्याच्या हातात देत नसतेत," असं त्यांचं म्हणणं.

नजर गेल्याचं कळलं त्या दिवशी मी सोबत होतो. निघताना बाईंनी विचारलं, "सख्खं भावंड कुणी आहे? त्यांचीही तपासणी करून घ्या. हा रोग घराण्यात उतरतो." साहेब चिठ्ठीची घडी घालत बसले.

साहेबांना एकच धाकटा भाऊ, भानुदास. वैजापूरजवळच्या गावात शेती बघतो. सामाईक विहिरीच्या पाळीवरून दोघांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं, ते कायमचंच. तालुक्याला पाणी वाटण्यात ज्याची हयात गेली तो विहिरीवरून सख्ख्या भावाशी भांडला, हे मी कधी बोलून दाखवत नाही. शेजार टिकवायचा असतो.

दुसऱ्या कुणी फोन उचलून सांगितलं असतं, बाबा रे, डोळे दाखवून घे. साहेबांनी भावाशी बोलावं लागू नये म्हणून अख्ख्या गावाचं नेत्रशिबिर भरवलं. बाईंना गळ घातली, मंडप टाकला, लाउडस्पीकरवरून पुकारा केला. डोळ्यावर हवेची फुंकर मारून दाब मोजणारं मशीन आलं. फुंकर बसली की म्हातारी माणसं दचकून मागं सरकत आणि मंडप खदखदा हसे. साहेब तेवढे खांबाआड उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

भानुदास आला तो सामान बांधायच्या वेळी, खांद्यावर टॉवेल टाकून. फुंकर बसली तरी हलला नाही. दाब चांगलाच वाढलेला निघाला, पण नस अजून बरीचशी शाबूत होती. साहेबांनी माझा दंड घट्ट धरला. "सर, त्याला तेवढं सांगा, दाब उतरला म्हणून थेंब बंद करायचा नाय. लई हेकट हाय तो." मग दंड सोडून म्हणाले, "माझ्यासारखाच."

मी निरोप पोचवला. तेव्हापासून बातम्या लागल्या की साहेब भानुदासला मिस्ड कॉल देतात. म्हणजे, टाक. थोड्या वेळानं तिकडून मिस्ड कॉल येतो. म्हणजे, टाकला. तो आल्यावरच साहेब स्वतःची बाटली उघडतात. हे त्यांचं कधी ठरलं मला माहीत नाही. ठरवायला आधी बोलावं लागतं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. बातम्या संपत आल्या तरी उलटा कॉल येईना. साहेबांनी पुन्हा दिला, पुन्हा वाट पाहिली. काकू म्हणाल्या, "तुम्ही तर टाकून घ्या." साहेब बाटली मुठीत धरून तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मीच माझ्या फोनवरून भानुदासला लावला आणि स्पीकर सुरू केला.

"टाकला वो सर," पलीकडून आवाज आला. "बॅलन्स संपलाय, म्हणून कॉल जाईना." मग घसा खाकरल्याचा आवाज. "आन् दादानं टाकला का, तेवढं इचारा. माझा कॉल गेल्याबिगर त्यो टाकीत नाय, मला मालूम हाय."

साहेब आडवे झाले. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानाकडे ओघळला. मग त्यांनी ती बाटली मुकाट्यानं माझ्यापुढं धरली.

मी थेंब टाकला. साहेबांनी डोळा मिटून कोपरा दाबून धरला. घर नेहमीसारखं चिडीचूप झालं. पलीकडे भानुदासनं फोन ठेवला नव्हता.

"टाकला रे भानू," साहेब म्हणाले.