कायदा एकच, हवा वेगळी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी बाहेरगावाहून आलं की बॅगा लिफ्टमध्ये जायच्या आत गायकवाड काका समोर हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि प्रश्न एकच, "तिकडे गांज्याचं कसं काय?"

सत्तरीचा माणूस, जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला! माझी आई काशीहून आली, तर तिलाही सोडलं नाही.

"वहिनी, भांगेचं दुकान दिसलं?"

"दिसलं की. सरकारी पाटी लावलेली."

"आणि पोलीस?"

"शेजारीच चहा पीत होता."

काका खूश. "बघा! भांग म्हणजे गांज्याच्याच झाडाचा पाला. तो चालतो, फूल नाही. आणि फूल सापडलं तरी तिकडे म्हणे दम देऊन सोडतात. इथे भांडुपला एका झुरक्याला आत. कायदा एकच, हवा वेगळी."

पोरांनी त्यांना 'चिलीम काका' नाव ठेवलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकजण तोंडावर म्हणाला, "म्हातारपणी नाद लागला वाटतं." सगळे हसले. मीही हसले.

मग काकू गेल्या. मी डबा घेऊन गेले, तेव्हा काका आपणहून बोलले.

"आमच्या नितीनला पकडलं होतं. भांडुपच्या बागेत, गांजा भरलेल्या एका सिगारेटपायी. पोलीस ठाण्यातून फोन आला. मी म्हटलं, कायद्याप्रमाणे होऊ द्या. कोर्टातला माणूस ना मी! जामिनाला मामा गेला त्याचा. पुढे नोकरी गेली, मग तोही गेला. बनारसला असतो म्हणतात. आई गेली ते कळवायला नंबरसुद्धा नाही माझ्याकडे."

"म्हणून तुम्ही सगळ्यांना विचारता?"

"असेल तिथे त्याला कुणी धरणार नाही ना, एवढंच बघतो गं."

महिन्याभराने काका एकटेच बनारसला जाऊन आले. लिफ्टपाशी भेटले, तेव्हा या वेळी मीच विचारलं, "भेटला?"

"भेटला. घाटावर लोकांचे फोटो काढतो. बारीक झालाय. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं बघितलं, चांगलं बघितलं. मग कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला, 'अंकल, थोडा हँसिए.'"

"मग?"

"हसलो."