तीन टाक्या आणि थोरल्यांचं नाक

"या वाइनला वासच नाही!"

थोरल्यांनी पेला इतक्या जोरात टेबलावर आपटला, की उरलेले अकरा पेले किणकिणले.

पणजोबांच्या काळापासून या घराण्याची लाल वाइन तीन जातींच्या द्राक्षांची होई. तिन्हींची वाइन वेगवेगळ्या टाक्यांत मुरे, आणि शेवटी कुठल्या टाकीतलं किती घ्यायचं ते त्या त्या पिढीतल्या थोरल्याचं नाक ठरवी. बाटलीच्या लेबलावर तसं छापलेलंच होतं, 'चार पिढ्यांची पारख'. चौथी पिढी म्हणजे हे थोरले. उद्या सकाळी बाटल्या भरायचं यंत्र भाड्यानं येणार होतं. मिश्रण आजच ठरायला हवं होतं.

"काका, मला तर छान वास येतोय," पुतणी म्हणाली. ती वाइनचंच शास्त्र शिकून नुकतीच घरी परतली होती, आणि हा अपराध थोरल्यांनी अजून पुरता माफ केलेला नव्हता.

"तुला पुस्तकातला येत असेल! तीस वर्षं हे नाक घेऊन इथे उभा आहे."

"त्याच नाकाला सर्दी झालीय," वाफाऱ्याचं भांडं घेऊन जिना उतरणारी त्यांची बायको म्हणाली. "तीन दिवस सांगतेय."

"सर्दी? बला?" थोरले कडाडले. "बाझ्या नाकाला?"

पुतणीनं मान खाली घातली. थोरल्यांना मात्र स्वतःचं बोलणं अगदी शुद्ध ऐकू येत होतं. त्यांच्या मते दोष नाकात असणं शक्यच नव्हतं, तेव्हा तो दुसऱ्या कोणाचा तरी असणार. त्यांनी आधी पेले धुणाऱ्या साबणाला धारेवर धरलं. पेले नुसत्या पाण्यानं पुन्हा धुऊन आले. वास नाही तो नाहीच. मग पिंपांवर संशय गेला, आणि पिंपांवरून गाडी तळघराच्या मामांवर आली.

मामा पस्तीस वर्षं त्या तळघरात कामाला होते. तरुणपणी त्यांनी एकदा थोरल्यांच्या वडिलांना "असं का?" विचारलं होतं. त्या एका प्रश्नापायी त्यांना तासभर बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून मालक म्हणेल ते करायचं आणि गप्प बसायचं, हा त्यांचा नेम होता.

"पाणी घातलंत का यात?"

मामांचे डोळे भरून आले. ते पाहून बायकोचा संयम सुटला.

"डोळे मिटा," ती नवऱ्याला म्हणाली. "एक वास देते. कुठल्या टाकीतला ते सांगा. ओळखलात तर मी पुन्हा सर्दीचं नाव काढणार नाही."

थोरल्यांनी तुच्छतेनं डोळे मिटले. नाकाखाली काहीतरी आलं. त्यांनी लांबलचक श्वास घेतला, मान तिरकी केली, पुन्हा एक घेतला.

"दुसरी टाकी. पण पाणचट."

डोळे उघडले तर समोर फिनेलची बाटली.

पुतणी घाईघाईनं पाठमोरी झाली. तिचे खांदे हलत होते. पणजोबांच्या तळघरात, पणजोबांच्या पणतवाचा असा पाणउतारा! थोरले कानापर्यंत लाल झाले.

"बाझी गरजच काय? ओता सगळं एकाच टाकीत आणि व्हा बोकळे!"

ते पाय आपटत वर गेले. त्यांची समजूत काढायला बायको गेली, बायकोच्या मागे पुतणी गेली. समजूत निघायला तासभर लागला. थोरल्यांनी अखेर नाक मुठीत धरून कबूल केलं, की थोडीशी, अगदी किंचित सर्दी आहे, आणि यंदा पुतणीनं मदत केली तर चालेल. तिघं खाली आले. पंप नुकताच बंद झाला होता. मामा हात पुसत होते.

"ओतलं, मालक."

"काय ओतलं?"

"सगळं. मिश्रणाच्या मोठ्या टाकीत मावेल तेवढं. उरलेलं दिसेल त्या पिंपात भरलं."

"कुठल्या टाकीतलं किती, मामा?" पुतणीनं घाबरत विचारलं.

"ते नाही बघितलं. थोडं पहिलीतलं, मग तिसरीतलं, मग परत पहिलीतलं... मालकांनी रागात सांगितलं, मीही तसंच ओतलं."

"आणि टाक्या?"

"धुऊन टाकल्या."

थोरल्यांनी ओरडायला तोंड उघडलं. पण हुकूम त्यांचाच होता. तोंड मिटलं.

सकाळी यंत्र आलं. बाटल्या भरल्या गेल्या, प्रत्येकीवर 'चार पिढ्यांची पारख' चिकटली. पुतणीनं एक घोट घेतला आणि काही बोलणार, तोच थोरल्यांनी हात वर केला. "नको. बला कोणाची कीव नको."

नवव्या दिवशी नाक मोकळं झालं. थोरले कोणालाही न सांगता तळघरात गेले. बराच वेळ झाला म्हणून बायको बघायला आली, तर ते पालथ्या घातलेल्या पिंपावर बसलेले, हातात पेला, डोळे ओले.

"इतकी वाईट झालीय?"

"वाईट?" थोरले चिडून म्हणाले. "वडिलांना नाही जमली, आजोबांना नाही जमली, अशी झालीय! तीस वर्षं मी थेंब थेंब मोजत बसलो, आणि हा माणूस नळी सोडून मोकळा होतो!"

त्या वर्षीची एकही बाटली उरली नाही. दुकानदार विचारत, "यंदा वेगळं काय केलंत?" थोरले गंभीरपणे सांगत, "घराण्याची पद्धत."

पुढच्या वर्षी मिश्रणाचा दिवस आला. पुतणी वही घेऊन बसली. थोरल्यांनी निरोगी नाकानं सहा मिश्रणं केली. सहाही चांगली होती. पण ती चव एकातही नव्हती. सगळे हताश होऊन बसले, तेव्हा मामा उठले. त्यांनी पंप लावला, नळी हातात धरली आणि अदबीनं म्हणाले, "मालक, मी तयार आहे. तुम्ही रागवा."

थोरल्यांनी छाती भरून घेतली, भुवया चढवल्या, मूठही आवळली. पण ज्या रागाला आजवर कधी बोलवावं लागलं नव्हतं, तो नेमका त्या दिवशी काही केल्या येईना.