लेकराचं आडनाव

बिरादार सर रिकामा रकाना दिसला की खुर्चीतून उठून भांडतात. माणसाशी नाही, स्क्रीनशी. "अरे, बापाचं आडनाव वर लिवलेलं हाय ना? मग लेकरू असं उघडं का पाठवलंस?" नांदेडच्या आमच्या ऑफिसात नवा आलेला माणूस हे ऐकून दचकतो. मी आता दचकत नाही, माझं डोकं फिरतं.

आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पालकाचा फॉर्म जेसन नावाच्या साच्यात येतो, कप्प्यात कप्पा असल्यासारखा. वर बापाचं आडनाव, गाव, फोन. आत मुलांची यादी, तीही बहुतेक नुसत्या पहिल्या नावांची. आमच्या जावा प्रोग्रॅमनं तो फॉर्म वाचतानाच वरची माहिती प्रत्येक मुलाच्या नोंदीत उतरवायची, म्हणजे मूल यादीतून वेगळं काढलं तरी ते कुणाचं हे कळावं. एवढंसं काम! मी चारदा केलं, सरांनी चारदा परत पाठवलं. "काय करून राहिलास? गाव कुठं गेलं?" गाव आलं, तर फोन गेला. एकदा तर माझ्या डब्यातल्या भेंडीवरूनही बोलून घेतलं.

पाचव्यांदा मात्र माझं टाळकं सटकलं. वरचं सगळं सरसकट खाली ओतलं. घ्या, आता दाखवा रिकामा रकाना!

सर चाचणी घ्यायला बसले. चाचणीच्या फॉर्मात आम्ही अबक, कखग असं काहीही भरतो. सरांनी स्वतःलाच भरून ठेवलंय: बाप बिरादार, गाव देवणी, आत एकच लेकरू, मनू.

निकाल आला आणि सर कडाडले. "मनूचं लिवलेलं आडनाव पुसलंस की रे! ज्याच्याकडं आडनाव हाय त्याला हात लावायचा न्हाई. रिकामं असंल तिथंच भरायचं. अक्कल हाय का न्हाई?"

मीही आवाज चढवला. "पोरगी तुमचीच ना, सर? मग बिरादारच येणार. चुकलं काय?"

"लातूरला असती ती, आईसंगं. आईनं दुसरं लग्न केलं. शाळेत नव्या बापाचं आडनाव लावलंय." सूर अजून भांडणाचाच होता. "बरं हाय तिचं तिथं. ते नाव तिचं हाय. तू कोण पुसणारा?"

मला माझीच लाज वाटली. घाईघाईनं कीबोर्ड ओढून मी 'रिकामं असेल तरच भर' ही अट घालायला लागलो, तर सरांनी माझं मनगट धरलं. स्क्रीनवर 'मनू बिरादार' असं आलं होतं. ते तिकडंच बघत होते.

"च्या पिऊन ये जा," ते म्हणाले. "मंग दुरुस्त कर."