न दिसणारा रकाना

एकतीस वर्षं मी कारखान्याच्या आस्थापना विभागात फायलींवर शेरे लिहिले, प्रत्येक शेऱ्याखाली 'आदेशार्थ प्रस्तुत'. त्यामुळे आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळाने रविवारचं उपाहारगृह काढून त्याचा मेनू इंटरनेटवर चढवायचं ठरवलं, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "माझ्यावर सोडा. असा मेनू करतो, की अख्खं भोपाळ बघत राहील!"

"बघणारे बघतील हो, नरहरराव," नलिनीताई म्हणाल्या. "मला वाचता येईल असा करा."

नलिनीताई कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होत्या. जन्मापासून दिसत नाही, पण टाउनशिपमधल्या प्रत्येक घराचा नंबर तोंडपाठ.

"मोठ्या अक्षरांत करतो," मी म्हणालो.

"मी चष्मा विसरलेले नाही. मला दिसत नाही." मग त्यांनीच समजावलं. "तुम्ही लोक कागदाचा फोटो टाकता. माझा फोन त्याला नुसतं 'चित्र' म्हणतो. टाइप केलंत तर तो वाचेल. बावीस वर्षं भाऊ मला मेनू वाचून दाखवतोय, आणि त्याला आवडतं तेवढंच वाचतो. माझी समजूत होती, हॉटेलात इडलीच मिळते. एकदा तरी माझं मला मागवायचंय."

त्यांनी फोन वाचतो कसा तेही ऐकवलं. मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकल्यासारखा आवाज आला. मला एक अक्षर कळलं नाही. बाईंनी मात्र त्यातून मंडळाची अख्खी नोटीस मला म्हणून दाखवली, वर दोन चुका काढल्या. मी थक्क झालो.

घरी येऊन मी पदार्थांची नावं आणि भाव टाइप केले. बघणाऱ्यांसाठी फोटोही लावले. प्रत्येक फोटोखाली एक रकाना होता, 'चित्राचे वर्णन'. तो भरल्याशिवाय गाडी पुढे जाईना. भरला, तर पडद्यावर दिसेना. माझ्या लगेच लक्षात आलं. जो रकाना जनतेला दिसत नाही, तो कार्यालयीन वापरासाठी असतो! मग काय, हात सुटला. दोन तासांत चौदा पदार्थांवर मोकळ्या मनाने लिहून टाकलं.

रविवारी अकरापर्यंत वासंतीबाईंचं थालीपीठ संपत आलं. शकुंतलाबाईंची पुरणपोळी एकानेही मागवली नव्हती. शकुंतलाबाई म्हणजे आमच्या अध्यक्षांच्या, उदयरावांच्या पत्नी.

"ही गटबाजी आहे," उदयराव म्हणाले. "कोणीतरी घरोघर फोन करून राहिलंय."

"मीच केले," मागून नलिनीताई म्हणाल्या. त्या काठी टेकत जेवायला आल्या होत्या. "पोळी घेऊ नका, थालीपीठ घ्या, असं सांगितलं. मेनूतच लिहिलंय ना."

उदयरावांनी चष्मा पुसून मेनू वर-खाली केला. मीही केला. कुठे काही नव्हतं.

"ताई, वयाने होतं असं," उदयराव अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुमचा फोन गडबड करतोय. पुढच्या वेळेपासून भावालाच वाचायला सांगा, प्लीज."

नलिनीताईंचा चेहरा उतरला. मला तो रकाना आठवला. त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं, याची लाज आजही वाटते.

पण बाई एक्स्चेंजवरच्या. त्यांनी फोन काढला. "थांबा, तुमच्यासाठी हळू करते. नाहीतर तुम्हाला झेपायचं नाही."

फोन खणखणीत आवाजात वाचू लागला. "पुरणपोळी. चित्र. पुरण नावापुरते. अध्यक्षांच्या आग्रहास्तव मंजूर. आदेशार्थ प्रस्तुत. थालीपीठ. चित्र. उत्तम. विलंब न करता मागवावे. आदेशार्थ प्रस्तुत. अळूवडी. चित्र. फोटो बिट्टन मार्केटमधल्या दुकानातल्या वडीचा. आपली सुटते. आदेशार्थ प्रस्तुत."

तिसऱ्या 'आदेशार्थ प्रस्तुत'ला सगळा हॉल माझ्याकडे वळला. नाव लिहायची गरजच नव्हती.

फोन थांबेना. "साबुदाणा वडा. चित्र. कमलिनी. शेरा राखून ठेवला."

कमलिनी म्हणजे आमची ही. ती झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"म्हणजे हे चुकून लिहिलं गेलं?" नलिनीताईंनी विचारलं. "मला वाटलं, पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी खरं बोललं."

उदयरावांनी त्यांची हात जोडून क्षमा मागितली. मग हात जोडलेले त्यांना दिसत नाहीत हे लक्षात येऊन पुन्हा तोंडाने मागितली. माझे शेरे काढायचं ठरलं. त्या जागी 'गोल, पिवळसर, स्वादिष्ट' असं काहीतरी टाकू, असं मी सुचवलं.

"पिवळसरचं मी काय करू?" नलिनीताई म्हणाल्या. "ताटं आणा. मी सांगते, तुम्ही लिहा."

आणि मग त्यांनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. पोळी मोडताना नुसता कान देऊन त्या म्हणाल्या, ही कालची आहे. आमटी हुंगून म्हणाल्या, गूळ नाही, साखर घातलीय. आमटीही वासंतीबाईंचीच; त्यांनी मान खाली घातली. चौदा पदार्थांची चौदा वर्णनं झाली, आणि प्रत्येक वाक्य ऐकून मला नव्याने भूक लागत होती.

शेवटी साबुदाणा वडा आला. दोन घास खाऊन त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. हिने मागे उभं राहून तपासलं. आजही मेनूत तसंच आहे. 'बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, मिरची बेताची. ज्याला रोज घरी मिळतो, त्याला वर्णन जमलेलं नाही.'