माळ्यावरचा मूळपुरुष

कौलांखालच्या डांबरी कागदाबद्दल आमच्या पंचक्रोशीत अधिकारवाणीने बोलावं तर ते मीच! कारण तसा कागद असलेलं घर पंचक्रोशीत एकच होतं, आणि ते माझं होतं.

गोष्ट एकसष्ट-बासष्टची. रेडी बंदरात बोटी लोखंडाची माती भरून न्यायच्या आणि माझा भाचा गुरुदास तिथे कारकून होता. शेडवर घालून उरलेली डांबरी कागदाची एक गुंडाळी त्याने मला आणून दिली. ती मी स्वतःच्या हाताने, माळ्यावर वाकून, कौलांच्या खालून वाशांना ठोकली. मग दर चैत्रात आमची कौलं परतायला येणाऱ्या बाबलीला ऐटीत सांगितलं, "बाबल्या, आता तुझी गरज नाय! कौलां फुटली तरी थेंब गळाचो नाय!"

बाबलीने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरां, गुरुजीनू," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या वर्षी माकडांनी कौलं फोडली आणि उंदरांनी कागद फाडला. माकडांशी आणि उंदरांशी माझी काय दुश्मनी होती कोण जाणे, पण गळती लागली ती नेमकी बाळंतिणीच्या खोलीत!

आता ही खोली म्हणजे आमच्या हिचा जीव. आमची एकुलती एक तुळसा पहिल्या बाळंतपणाला येणार होती. हिने तीन महिने आधीपासून तयारी मांडली होती. जुन्या लुगड्यांची दुपटी, ओवा, शेपा, डिंक, शेगडीचे कोळसे! आणि तशात तुळसाच्या सासूचं, नर्मदाबाईंचं पत्र आलं. नर्मदाबाई म्हणजे नांदगावकडची कडक बाई. नवरा गेल्यावर शेतीवाडी एकटीने सांभाळलेली. पत्रात दोनच ओळी होत्या: 'सोमवारी सुनेला घेऊन येते. खोली डोळ्यांनी बघेन. सुकी असली तर ठेवीन, नाहीतर आल्या पावली परत नेईन.'

मी पत्र मोठ्याने वाचलं. ही उठली. धुतलेली दुपटी घेऊन पुन्हा धुवायला विहिरीवर गेली. मला तिच्याकडे बघवेना.

परत आल्यावर म्हणाली, "बाबलीक बोलवा. पाय धरूचे पडले तर मी धरतंय."

"त्या बाबल्याक? आणि ह्या पावसात शेवाळलेल्या कौलांर तो तरी कसो चढतलो? मी भितरसून करतंय! माळ्यार बसान! अंगार थेंब पडूचो नाय!"

"चिकटवतलात कशान?"

"फणसाच्या चिकान!"

हसू नका! फुटलेलं मडकं फणसाच्या चिकाने सांधतात हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. सांधलेलं मडकं पाणी धरतं, तर कागदाने का धरू नये? असा माझा बिनतोड तर्क होता. फणसाला कोयत्याचे घाव घालून मी करवंटीभर चीक काढला, चुलीवर कढवला आणि सोमवारी सकाळी शाळेतून रजा घेऊन माळ्यावर चढलो. नर्मदाबाई दुपारच्या गाडीने यायच्या होत्या. तोपर्यंत काम फत्ते!

आमचा माळा बसका. ताठ उभं राहता येत नाही. मी ठिगळाला चीक फासला, दातांत चार चुका, म्हणजे बारीक खिळे, धरल्या आणि दोन्ही तळहातांनी ठिगळ भोकावर दाबलं. बसलं! असं बसलं की काय सांगू! गळती थांबली. खुशीत हात काढायला गेलो तर हात निघेनात. मान वर करून बघायला गेलो, तर डोकंही ठिगळाला जाऊन चिकटलं!

त्या काळी माझे केस दाट होते हो. ओढून पाहिलं. केसांबरोबर ठिगळ येऊ लागलं आणि ठिगळाबरोबर जुना कागदही. म्हणजे मी सुटलो तर गळती सुटणार! वरून पाणी झिरपून कागदावर साठत होतं आणि त्याचं गार पोट माझ्या टाळूवर हळूहळू वाढत होतं. अशा अवस्थेत मी वाकलेल्या खांबासारखा उभा राहिलो.

तेवढ्यात खाली खोलीत पावलं वाजली. ही आली, असं मला वाटलं. फणसाचा चीक खोबरेल तेलाशिवाय सुटत नाही. दातांत चुका, मान वाकलेली, त्यामुळे घोगऱ्या झालेल्या आवाजात मी ओरडलो, "तेऽऽल! तेऽऽल दी गो!"

खालची पावलं थांबली.

"कोण तां?" आवाज नर्मदाबाईंचा!

दुपारची गाडी सोडून त्या सकाळच्याच गाडीने आल्या होत्या! तुळसा आईला शोधायला मागे विहिरीवर गेलेली आणि या एकट्याच खोली बघायला शिरलेल्या.  व्याही माळ्याला चिकटलेत, हे विहिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"कोण तां वर? बोलाचां नाय?"

मी श्वाससुद्धा बंद केला. आणि इथेच घात झाला! अंधाऱ्या माळ्यावरून घोगरा पुरुषी आवाज येतो, तेल मागतो आणि नाव विचारलं की गप्प होतो. आमच्या भागात याचा अर्थ एकच. घराचा मूळपुरुष, राखणदार, जागा झाला!

फळ्यांच्या फटीतून मला दिसलं. नर्मदाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, कोनाड्यातली तेलाची बाटली घेऊन दिव्यात तेल घातलं, दिवा पेटवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा मूळपुरुषा म्हाराजा, ह्या घराच्या राखणदारा! तुझ्या घरचां चेडू, तुझी लेक, आज दोन जिवांचां होवन तुझ्या दारात इलां हा..."

आणि त्या थांबल्या. आता गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने मागणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेली गोष्ट! झोपेतल्या मालवणी माणसाजवळ गाऱ्हाणं घाला, तो झोपेत होकार देईल. माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलंच नाही.

"व्हय म्हाराजाऽऽ!"

चारही चुका फळीवर टणटणल्या. नर्मदाबाईंनी त्या आवाजालाही नमस्कार केला.

"तिचां बाळंतपण सुखरूप होवंदे!"

"व्हय म्हाराजा!" आता माघार कशी घेणार!

मग त्यांचा आवाज बदलला. कडक बाईचा राहिला नाही.

"तुझ्यापुढे खोटां कशाक बोला? खोली सुकी आसा. विहिणीन केवढ्या मायेन सगळां मांडल्यान हा, माका दिसता. पण मी घरसून निघतानाच ठरवलेलां, कायतरी खोट काढूची आणि पोरीक परत न्हेवची. झिल, ह्या पोरीचो नवरो, मुंबयक. हे गेले त्याक सात वर्सां झाली. ही पोर माका 'जेवलात काय' म्हणान इचारता. आता च्यार म्हयने ती हंय रवतली, आणि थंय माका कोण इचारतला? माका गमाचां नाय रे म्हाराजा..."

या वाक्याला होकार भरायचा असतो. मला भरता आला नाही. माझे डोळे भरून आले होते आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

"मी काय करू? ठेवू की न्हेव? तूच सांग!"

'ठेव' म्हटलं की काम झालं होतं. आमच्या हिचे तीन महिने सार्थकी लागले असते. पण दिव्याच्या उजेडात त्या बाईचा वर बघणारा चेहरा दिसत होता. मी नाक ओढलं आणि म्हटलं, "तू पण हंयच रव, पोरीबरोबर!"

नर्मदाबाई हुंदका देऊन रडू लागल्या. मलाही आवरेना. नाकातून पाणी, नाकात डांबर, आणि त्यात ती शिंक आली! मूळपुरुषाने एवढी मोठी शिंक कोणत्याही घराण्यात दिली नसेल! मान खाली, मानेबरोबर ठिगळ, ठिगळाबरोबर हातभर कागद, आणि वर साठलेलं सगळं पाणी फळ्यांच्या फटींतून धो धो नर्मदाबाईंच्या डोक्यावर! दिवा विझला. माझा पाय एका सुट्या फळीवर पडला आणि गुडघ्यापर्यंत खाली लोंबकळला.

"अगो बाय माझ्या!" ओरडत ही आणि तुळसा धावत आल्या. मी कसाबसा पाय काढला आणि हातांना नि डोक्याला काळा कागद चिकटलेल्या अवस्थेत शिडीवरून उतरलो. खोलीत घोटाभर पाणी. दुपटी भिजलेली. आमची ही दारात पांढरीफटक. सगळं संपलं होतं.

नर्मदाबाईंनी चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. माझ्याकडे पायांपासून ठिगळापर्यंत नीट पाहिलं. त्यांना सगळं कळलं. मी जमिनीत गाडून घ्यायला जागा शोधू लागलो.

मग त्या हिच्याकडे वळल्या. "विहिणीनू, माका एक सुकां लुगडां देवा. आणि त्या कौलवाल्याक बोलवा. खोली सुकली काय आमी दोघी मिळान पोरीचां बाळंतपण करूया. तुमच्या मूळपुरुषान माका रवाक सांगल्यान हा."

हिला काहीच कळलं नाही. पण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, तुळसा मधे. बाबली संध्याकाळी आला, वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरां, गुरुजीनू," म्हणाला आणि कामाला लागला.

मला पडवीत बसवून ही डोक्याला खोबरेल चोळत होती. निम्मे केस कागदाबरोबर गेले होते. मी झाली ती हकीकत सांगितली. गाऱ्हाणं, होकार, 'हंयच रव', सगळं. वाटलं, आता तरी ही माझ्या समयसूचकतेचं कौतुक करील.

ही हात थांबवून म्हणाली, "इतकांच सांगूचां होतां, तर माळ्यार कित्याक चढलात? पत्र इलां तेव्हाच उत्तरात लिहूचां होतात!"