अशोकाचे डोहाळे

आमचे शेजारी त्र्यंबकशास्त्री रोज संध्याकाळी परसातल्या अशोकाजवळ उभे राहत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत, "अहो, आज तरी या झाडाला लाथ घालता का?"

महाराजांचं राज्य होतं. कोल्हापुरात जो तो कुस्तीवर बोले. शास्त्रीबुवा एका शब्दावर बोलत: दोहद. पाहुण्याच्या हातात गूळपाणी पडायच्या आत त्याला अर्थ ऐकावा लागे. "दोहद म्हणजे डोहाळे. बायकांना लागतात तसे झाडांनाही लागतात, असं कवी मानतात. बकुळीला हवी सुंदरीच्या तोंडची मद्याची चूळ. अशोकाला हवी तिच्या पैंजण घातलेल्या पायाची लाथ. ती बसली की झाड फुललंच!"

परसात बकूळ नव्हती, हे उमाकाकूंचं नशीब.

काकू म्हणजे शास्त्रीबुवांची पत्नी. केरसुणीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी बाई. त्या लाटणं घेऊनच बाहेर येत. "झाडाला पाय लावू? पन्नाशी आली माझी, आणि म्हणे सुंदरी! जळ्ळं मेलं तुमचं काव्य!" मग शास्त्रीबुवांच्या विसराळूपणापासून धोतरावरच्या डागांपर्यंत सगळ्यांचा उद्धार होई. बुवा खाली मान घालून ऐकत.

एकदा शेजारच्या तालमीतल्या रामा पैलवानाला त्यांची दया आली. "लाथच पायजे न्हवं? त्यात काय हाय!" म्हणत त्यानं अशी एक ठेवून दिली, की पानं, काटक्या आणि कावळ्याचं रिकामं घरटं बुवांच्या डोक्यावर आलं.

"अरे, सुंदरीची म्हणालो, पैलवानाची नव्हे!"

"मग आदी सांगायचं की, बुवा!"

काकू हसून हसून पायरीवर बसल्या. बुवा डोक्यावरच्या काटक्या तशाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

शेवटी मी विचारलंच, "काकू काही लाथ मारायच्या नाहीत. मग रोज कशाला विचारता?"

बुवांनी आवाज खाली आणला. "अरे, आमची बनू मुरगूडला सासरी गेली आणि ही बोलायचीच थांबली. काहीही विचारा, नुसतं 'हं'. घर खायला उठायचं. लाथेचं काढलं, त्या दिवशी घटकाभर मला बोलली. मी दोन घास जास्त जेवलो बघ."

इतक्यात आतून काकूंचा आवाज आला.

"अहो, दिवेलागण झाली. आज विचारायचं नाही वाटतं?"