अठरा मिलिमीटरची दांडी

शालूबाईंनी नवऱ्याच्या गाडीत पाय ठेवला नव्हता, त्याला त्या गुरुवारी बरोबर आठ महिने झाले. तारीख जोतीराम आण्णांच्या वहीत होती. तंत्रनिकेतनात एकोणतीस वर्षे यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थाच्या वहीत काय नव्हते, एवढेच विचारावे. सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्च महिन्यातील नोंद अशी होती : "पन्हाळा घाट. तिसरे वळण : सौ.ना उलटी. चौथे वळण : पुन्हा. गाडीचा कल अंदाजे नऊ अंश."

शालूबाईंची नोंद तोंडी होती. "गाडी हाय का पाळणा? वळान आलं की आडवीच हुतीया. मी परत बसायची न्हाय. यस्टी बरी."

गाडी जुनी होती, हातोहात तीन घरे फिरून आलेली होती. पण आण्णांनी निवृत्तीनंतर स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू होती, आणि शेजारच्या आसनावर शालूबाई बसाव्यात याच हेतूने घेतलेली होती. ते आसन आठ महिने रिकामे होते. त्याच्यावर डोळा ठेवून शालूबाईंचा धाकटा भाऊ सयाजी दर आठवड्याला हातकणंगल्याहून येत असे आणि गाडीच्या पाठीवरून, बैल विकत घेणाऱ्याच्या हाताने, हात फिरवीत असे.

"दाजी, आक्का बसत न्हाय, तुमी एकटं हिंडतासा. त्यापेक्षा गाडी मला द्या की. रानात जाया-यायला हुईल."

"तिचा दोष मी दूर करणार आहे," आण्णा म्हणाले.

"आक्काचा?"

"गाडीचा!"

शालूबाई साय घुसळायचे भांडे हातात घेऊन बाहेर आल्या. "मग ऐका. पुढच्या गुरुवारी मला वाडीला दत्ताच्या पाया पडाय जायाचंय. चिमणाबाईसाठी पाच दिसांच्या सायीचं दही लावतीया, घट्ट, सुरीनं कापावं असं. बरणी गाडीतनं न्यायची. वाडीत झाकण काढल्यावर दह्याला चीर जरी दिसली, तरी गाडी सयाजीची. आणि न्हाय दिसली, तर जन्मभर तुमच्या शेजारी बसीन. मग तर झालं?"

चिमणाबाई म्हणजे त्यांची नृसिंहवाडीला दिलेली थोरली बहीण. सयाजीने तिथल्या तिथे खिशातून रुमाल काढला आणि गाडीची काच पुसायला घेतली.

आण्णा वही घेऊन बसले. मोटारीच्या पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी खालून आडवी बसवलेली असते. वळणावर गाडी झुकू लागली की ही दांडी पिळली जाते आणि त्या पिळाच्या जोरावर गाडीला सरळ धरते. पुस्तकांत तिला अँटी-रोल बार म्हणतात. आण्णांच्या गाडीतील दांडी पंधरा मिलिमीटर जाडीची होती. चार दुपारी आकडेमोड करून त्यांनी निष्कर्ष काढला : अठरा मिलिमीटर. त्याने कडकपणा दुप्पट होईल, झुकणे निम्मे होईल, आणि खड्ड्यांचा त्रासही फारसा वाढणार नाही. साडेसतरा कमी आणि एकोणीस जास्त. आराखडा काढून, त्याखाली दोन रेघा मारून, त्यांनी तो उद्यमनगरात इलाही मिस्त्रींच्या हाती दिला.

इलाही त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने आराखडा डोक्याला लावला.

"सर, अठराच?"

"अठराच. एक मिलिमीटर इकडे नाही, तिकडे नाही."

"तुमी बिनघोर ऱ्हावा. बुधवारी गाडी घिऊन या, बसवून देतो."

बुधवारी आण्णा पोचले तेव्हा गॅरेजसमोर चार माणसे आणि एक हार त्यांची वाट पाहत होता. गाडी आत घेतली गेली. दोन तासांनी इलाहीने हाक मारली. आण्णा वाकून खाली पाहतात, तर ताज्या लाल रंगात न्हालेली दांडी बसून, तिला झेंडूचा हार घालून, पुढे नारळसुद्धा फुटला होता. दांडी छपराच्या वाशाप्रमाणे भरभक्कम दिसत होती. आण्णांनी खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, रंगाच्या जाडीची वजावट केली, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले.

"इलाही, ही पंचवीस आहे."

"व्हय सर," इलाही अभिमानाने म्हणाला.

"मी अठरा सांगितले होते!"

"सांगितलंसा की. पर सर, तुमच्यामुळं माझं गॅरेज उभं हाय. तुमाला अठरा कशी द्यायची? मी आपली ईस सांगितली."

"विसाची पंचवीस कशी झाली?"

"शाहूपुरीत बादशहाभाईंकडं पोलाद आणाय गेलतो. त्यांनी इचारलं, कुणाची गाडी? म्हनलं, सरांची. तर म्हनलं, माझ्या पोराला ज्यांनी पास केलं त्यांना ईस देऊ व्हय? आनि बाविसाची काढून दिली."

"आणि वरचे तीन?"

बाजूला उभे असलेले पिराजी लोहार पुढे झाले. दांडी तापवून वाकवण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि आजच्या दिवसासाठी ते धुतलेला फेटा बांधून आले होते. "त्ये तीन माझं, सर. पंचविसाची एक जपून ठिवलीती. माझ्या भट्टीतनं तुमच्यासाठी हलकं सामान जाईल व्हय? लोक काय म्हनतील?"

आण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे, कडकपणा जाडीच्या प्रमाणात वाढत नाही! जाडी चार वेळा स्वतःशीच गुणावी लागते. पंधराची पंचवीस म्हणजे पावणेआठ पट! एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही ओढेल!"

"पावणेआठ पट!" पिराजी इलाहीकडे वळले. "बगितलंस? मी म्हनलं नव्हतं, सरांना आवडंल म्हनून?"

पंचविसाची दांडी एका रात्रीत अठराची होत नाही. जुनी दांडी भट्टीत गेली होती. आणि उद्याच गुरुवार होता. शिवाय त्या धुतलेल्या फेट्यासमोर "काढा ती" म्हणण्याचे धैर्य आण्णांना झाले नाही. पेढा खाऊन ते घरी आले.

सकाळी सातला गाडी निघाली. शालूबाई पुढे, मांडीवर रिकामी पिशवी, कशासाठी ते उघड होते. मागे सयाजी, दोन्ही गुडघ्यांत दह्याची पितळी बरणी धरून पंचाच्या थाटात बसलेला. निघण्यापूर्वी झाकण उघडून सर्वांनी दही पाहिले होते. ते फरशीसारखे सपाट होते.

गल्लीच्या टोकाचे पहिले वळण आण्णांनी मुद्दाम वेगात घेतले. गाडी तसूभर झुकली नाही.

"पाहिलेस?"

शालूबाईंनी पिशवीची घडी किंचित लहान केली. आण्णांनी गाडी फिरवून तेच वळण पुन्हा घेतले.

"परत तिथंच कशाला?"

"एका मापावर विश्वास ठेवू नये."

दुर्दैवाने वाडीच्या रस्त्यावर वळणे नाहीत. उसाच्या बैलगाड्यांच्या चाकांवरील लोखंडी धावांनी कोरून काढलेला तो रस्ता दोरीसारखा सरळ आहे आणि त्याला खड्डे आहेत. पहिल्या खड्ड्यात डावे चाक गेले, आणि डाव्याचे दुःख उजव्याला तत्काळ समजले. गाडीचे नाक खाली गेले, वर आले, आणि वर आल्यावर थोडे जास्तच वर आले. मागून धप्प असा आवाज झाला.

"काय झाले?"

"डोस्कं!" सयाजी म्हणाला. "टपाला लागलं!"

"बरणी?"

"बरणी हाय. माझं इचारा की!"

हातकणंगल्यापर्यंत सयाजीचा फेटा तीनदा डोळ्यांवर आला. बरणी सोडावी तर पंचपण जाते, धरून ठेवावी तर स्वतःला सावरायला हात नाही. तो खोकल्यासारखा, एकेक अक्षर तोडून बोलू लागला. "दा-जी... हळू... की..."

आण्णांनी वेग कमी केला. उसळी लहान झाली, पण संख्या वाढली. दह्याचा विचार त्यांनी सोडून दिला होता. आता फक्त शेजारच्या आसनाकडे पाहण्याची भीती वाटत होती. आठ महिने, चार दुपारी, दोन रेघा, सगळे वाया गेले होते. शेवटी त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले.

शालूबाईंनी एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने अंबाडा धरला होता, आणि त्या पुढे वाकून रस्ता वाचत होत्या.

"डावीकडं खड्डा! आला, आला, धरा!"

धप्प. "आगं आई!" मागून सयाजी.

"आता उजवीकडं, मोठ्ठा हाय! सयाजी, मान खाली घाल, बाबा!"

धप्प. आणि शालूबाई हसू लागल्या. आधी पदराआड, मग उघड, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जयसिंगपूर मागे पडले तरी त्यांचे हसणे थांबेना. आण्णांनी पुढचा एक खड्डा चुकवता येत असूनही चुकवला नाही.

वाडीत चिमणाबाईंच्या दारात गाडी थांबली. सयाजी उतरला आणि काही वेळ नुसता उभा राहिला. जमीन हलत नाही याची त्याला खात्री करून घ्यायची होती. मग त्याने बरणी ओट्यावर ठेवली. चिमणाबाई बाहेर आल्या.

"मला काडी काय, सळी काय, त्यातलं कळत न्हाय," शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पर अट म्हंजे अट. काढ झाकण."

झाकण निघाले. दह्याला चीर नव्हती, कारण दहीच नव्हते. पातळ पांढऱ्या ताकावर नारळाएवढा लोण्याचा गोळा डुलत होता.

चिमणाबाईंनी त्यात बोट बुडवून चाखले. "आगं, किती गोड निघालंय लोणी! कुणी घुसळलं?"

 आण्णांनी किल्ली काढली आणि मेहुण्यापुढे धरली. "घे. गाडी तुझी."

सयाजी दोन पावले मागे सरकला. "नगं दाजी. फुकट दिली तरी नगं. आणि आक्का, मी परत यस्टीनं जाणार हाय."

"तुला उलटीसारखे वाटले नाही?" आण्णांनी शालूबाईंना हळूच विचारले.

"सवड कुठं मिळाली?" त्या म्हणाल्या.

शनिवारी इलाही घरी आला. सयाजीच्या डोक्याची बातमी उद्यमनगरात पोचली होती. तो दारातच उभा राहिला. "सर, चुकलंच माझं. अठराची करून आणलीया. मोजून घ्या. आत्ता बदलतो."

आण्णांनी मोजली. बरोबर अठरा. त्यांचे डोळे चमकले. इतक्यात आतून आवाज आला :

"इलाही, गाडीला हात लावायचा न्हाय! आठवड्याचं लोणी आता तीच काढंल. गुरुवारी परत वाडीला जायाचंय. आणि आलायस तर बस, ताक घिऊन जा."

शालूबाई तांब्या आणि दोन पेले घेऊन आल्या.

"मला अर्धाच पेला दे," आण्णा म्हणाले.

"व्हय, व्हय, अर्धाच," म्हणत शालूबाईंनी पेला काठोकाठ भरला, वर लोण्याची गोळी सोडली, आणि काठावरून ताक शेजारी पडलेल्या आण्णांच्या वहीवर सांडले तरी तांब्या सरळ केला नाही.

आण्णांनी त्या पेल्याकडे बराच वेळ पाहिले. मग इलाहीकडे पाहिले. मग अठराची दांडी कपाटामागे ठेवून त्यांनी तो पेला, थेंब न ठेवता, पिऊन टाकला.